वजनाच्या ऑपरेशनच्या दिवशी गाऊन बसला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या जाहिराती पेपरात येतात त्यात दोन फोटो असतात, आधीचा आणि नंतरचा. त्या दोन फोटोंच्या मधे एक अख्खा दिवस असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र. माझं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढतात ते ऑपरेशन जूनमधे झालं, मुंबईतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात. नाव लिहित नाही, कारण डॉक्टर खरंच चांगले होते आणि मी जे सांगणारे ते तिथे फॉलोअपला भेटलेल्या बायकांनी दुसऱ्या हॉस्पिटलांबद्दलही सांगितलं. माझं वय ४४, उंची ५ फूट १ इंच आणि त्या दिवशी सकाळी वजन ११८ किलो. आकडा मुद्दाम लिहितेय, इतकी वर्षं लपवत आले.

आधीचे १५ दिवस फक्त पातळ खायचं होतं. ताक, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडर. घरात हापूसची शेवटची पेटी आलेली, मुलगा माझ्यासमोर आंबा खायला तयार नव्हता, मीच त्याला खा म्हटलं. हे पंधरा दिवस कशासाठी ते डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, लिव्हरमधली चरबी कमी होऊन ते आकसतं, नाहीतर लिव्हरचा डावा भाग जठरावर येतो आणि दुर्बिणीतून काम करणं अवघड होतं. कारण कळलं की माणूस करतो हो, नुसतं "बंद करा" सांगितलं की होत नाही.

पहाटे पाचला भांडुपहून टॅक्सीने निघालो, मी, मिस्टर आणि मांडीवर माझं सीपॅपचं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन. मला स्लीप अ‍ॅप्निया आहे, झोपेत श्वास अडतो, त्यामुळे मशीन सोबत आणायला सांगितलेलं. पाऊस पडत होता. दादरच्या फुलबाजारापाशी टेम्पो उभे होते, झेंडूच्या टोपल्या उतरवत होते, मिस्टरांनी खिडकीतूनच एक हार घेतला आणि हॉस्पिटलच्या दारातल्या गणपतीला घातला. तोपर्यंत मला भीती वाटत नव्हती.

वजनकाटा रिसेप्शनच्या बाजूला पॅसेजमधे होता, बाकड्यांवर माणसं बसलेली आणि तिथल्या मुलाने वजन बघून टेबलावरच्या माणसाला मोठ्याने सांगितलं, एकशे अठरा. सगळ्यांनी वर बघितलं. त्याच्या मनात वाईट काही नसणार, त्याला दिवसात पन्नास वजनं सांगायची असतात. पण काटा पडद्याच्या आत ठेवायला जागा नव्हती का?

मग गाऊन. हॉस्पिटलचा गाऊन मागून बांधायचा असतो, माझ्या पाठीवर त्याच्या दोन्ही कडा एकमेकींच्या जवळपासही येईनात. सिस्टरने दुसरा आणला, तोही तेवढाच. मी बाथरूममधे उभी, एका हाताने मागे कापड धरलेलं, बाहेर वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन थांबलेला. तेव्हा मला रडू आलं. ऑपरेशनच्या भीतीने नाही आलं, यांच्याकडे येणारा प्रत्येक पेशंट माझ्यासारखाच असणार हे यांना माहीत असून आमच्या मापाचा एक कपडा ठेवलेला नाही, याने आलं. वॉर्डातल्या मावशी आत आल्या, काही न बोलता एक गाऊन पुढून उघडा राहील असा घातला आणि दुसरा त्याच्यावरून उलटा बांधला. म्हणाल्या, "बाय, आता कुठूनच काय दिसत नाय, चल." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण गाऊन ही नुसती लाजेची गोष्ट म्हणून कुणी सोडून देईल, त्यांच्यासाठी पुढचं सांगते. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बीपी घेतलं, वरचं १७२ निघालं. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या, आज ऑपरेशन करायचं की नाही अशी चर्चा माझ्या डोक्यावर सुरू झाली, मी आडवी पडून ऐकतेय, पंधरा दिवस ताक पिऊन आलेली. मग मॅडमनी माझा दंड बघितला आणि विचारलं, कफ, म्हणजे बीपीचा दंडाला गुंडाळायचा पट्टा, कुठला लावलाय? नेहमीचाच लावलेला. जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी खोटंच जास्त दाखवतं, हे त्यांनी तिथेच सगळ्यांना सांगितलं आणि आयसीयूमधून मोठा कफ मागवला. तो यायला वीस मिनिटं गेली. १३८ निघालं. म्हणजे एका कापडी पट्ट्यापायी माझं ऑपरेशन पुढे ढकललं जाणार होतं, आणि मला आता वाटतं की गेली कित्येक वर्षं दवाखान्यात माझं बीपी असंच मोजलं गेलं असेल आणि त्यावर गोळ्या वाढवल्या गेल्या असतील.

आत थिएटरमधे खूप गार होतं. खांद्याखाली आणि डोक्याखाली उशा लावून मला अर्धवट बसतं केलं, सपाट झोपवलं तर आमच्यासारख्यांना श्वास जड जातो. पोटऱ्यांना पट्टे बांधले, ते हवेने फुगतात आणि सैल होतात, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. मॅडम म्हणाल्या दीर्घ श्वास घ्या. पुढचं आठवत नाही.

जाग आली ती कुणीतरी नाव विचारतंय म्हणून. पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता आणि मी घाबरले, वाटलं हार्टचं काही झालं. सिस्टर म्हणाली ऑपरेशनला पोटात गॅस भरतात त्याने छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास होतो आणि ते दुखणं खांद्यात येतं, चाललात की जाईल. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती दहा मिनिटं वाचली असती. मळमळ खूप होती. तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटलेली, पण पाणी लगेच नाही. संध्याकाळी दोघांनी धरून उभं केलं आणि मी वॉर्डच्या दारापर्यंत जाऊन आले, मागून मिस्टर सलाईनचा स्टँड ढकलत. रात्री औषधाच्या छोट्या कपातून ३० मिली पाणी मिळालं, ते घोट घोट करत पंधरा मिनिटात संपवायचं. ते पाणी आत उतरलेलं मला जाणवलं.

त्या रात्री नणंदेचा फोन आला, मिस्टरांनी स्पीकरवर ठेवला, ती म्हणाली शॉर्टकट मारलास बाई, जिभेवर थोडा ताबा ठेवला असतास तर. मी काही बोलले नाही, बोलायचा जीवच नव्हता. आता इथे बोलते. मी विशीपासून डाएट करतेय, तीनदा पंधरा-पंधरा किलो उतरवले आणि तिन्ही वेळा ते परत आले. वजन उतरलं की शरीर ऊर्जा कमी खर्च करायला लागतं आणि भूक वाढवतं, हे मला चाळिशीत डॉक्टरांकडून कळलं, तोवर मी स्वतःलाच दोष देत होते. स्लीव्हमधे जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढतात, भुकेचं ग्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः ज्या वरच्या भागात तयार होतं तोही त्यात जातो. जठर कापून स्टेपलने बंद करतात त्या रेषेतून गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, हे सगळं वाचून मी सही केली होती. आता प्रोटीन मोजून खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, बी-१२, लोह, कॅल्शियम आयुष्यभर. यात शॉर्टकट कुठे आहे ते मला कुणी दाखवावं.

विम्याचंही एक सांगायचंय. माझा क्लेम पास झाला कारण माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० च्या वर होता. विमा नियामकाच्या नियमात ४० लागतो, किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया असे ठराविक आजार असतील तर ३५. आपल्याकडच्या डॉक्टरांनी मात्र २००९ सालीच भारतीय शरीरासाठी ३७.५ आणि आजार असेल तर ३२.५ ही रेघ धरली होती, कारण आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो. मधे जे अडकतात त्यांनी काय करायचं, अजून वजन वाढवून यायचं का? यावर आपल्या पेपरने विमा कंपन्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारावं.

आणि ज्या हॉस्पिटलांच्या जाहिराती आपण छापता त्यांना एवढं तरी विचारा की तुमच्याकडे मोठ्या मापाचे गाऊन किती आहेत, मोठा कफ वॉर्डात आहे की आयसीयूत, आणि काटा कुठे ठेवलाय. गाऊनला फार तर दोन मीटर कापड जास्त लागेल.

पहिल्या फॉलोअपला मी या तीन गोष्टींचा लेखी अर्ज हॉस्पिटलच्या ऑफिसात दिला, पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. पुढची तारीख महिनाअखेरीस आहे, तेव्हा अर्जाची कॉपी घेऊन जाणार आणि आधी मावशींना भेटून येणार.

आपली नियमित वाचक,
भांडुप (पूर्व), मुंबई