जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींना, 'बरं'बद्दल

मावशी, सप्रेम नमस्कार.

बँकेत, दवाखान्यात, दुकानात नोकरीसाठी ठाण्यात आलेल्या बिगरमराठी मंडळींना आम्ही बोलायचं मराठी शिकवतो. लिंग-वचन फळ्यावर निभतं, 'बरं' निभत नाही. त्यासाठी दर शनिवारी आमच्या विद्यार्थ्यांना तुम्ही पाटीशेजारी उभं राहू दिलंत, गिऱ्हाईक सांभाळून त्यांचं चुकलेलं तिथल्या तिथे सुधारलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

हिंदी बोलणाऱ्याला पहिल्या दिवशीच वाटतं, बरं म्हणजे 'अच्छा'. बऱ्याच ठिकाणी ते जुळतं, आणि म्हणूनच पुढे घात होतो. 'अच्छा खाना' म्हणजे चांगलं जेवण. पण एखाद्या गृहिणीला 'जेवण बरं होतं' म्हणून बघा, पुन्हा बोलावणं यायचं नाही. संतांच्या अभंगांत 'बरवा' म्हणजे सुंदर. त्याच्याच नात्यातला 'बरा' आज 'चालेल इतपत'वर येऊन टेकलाय.

दुसरी चूक 'हो'च्या जागी 'बरं' म्हणण्याची. 'मेथी आहे का?' याला 'हो'. 'मेथी द्या' याला 'बरं'. प्रश्नाला हो, सांगण्याला बरं, एवढं पाठ झालं की निम्मं काम होतं. 'हो' म्हणणारा गोष्ट खरी असल्याचं कबूल करतो. 'बरं' म्हणणारा ऐकलं इतकंच कळवतो; कधी तो मानतोही, पण ते 'बरं'वरून ठरत नाही.

मग कशावरून? 'अर्धा किलो भेंडी तीसला द्या' असं कुणी म्हटलं की तुमचं 'बरं' दोन तऱ्हांनी येतं. आखूड, खाली उतरणारं, आणि हात पिशवीकडे गेलेला: सौदा झाला. किंवा लांबवलेलं, शेवटी वर चढणारं 'बरंऽऽ?', आणि हात तराजूवरच थांबलेला: बोला हवं तेवढं, या भावात मिळणार नाही. आम्ही वर्गात स्वराच्या चढउतारावर तासभर घालवायचो. 'तोंडाकडे नको, हाताकडे बघ,' हे तुमचं वाक्य आता आमचा पहिला पाठ आहे.

फोनवर हात दिसत नाही, तिथे जागा बघायची. वाक्याच्या सुरुवातीला 'बरं,' आलं की विषय बदलतोय. शेवटी 'बरं का' आलं की बजावणं आहे: 'पायरी निसरडी आहे बरं का.' आणि 'बरं... बरं... बरं मग' अशी रांग लागली की समोरच्याला फोन ठेवायचा आहे. तेव्हा नवा मुद्दा काढू नये. जोडीनं आलेलं 'बरं बरं' रडणाऱ्या पोराला समजूत असते आणि हुज्जत घालणाऱ्याला 'पुरे आता'.

दवाखान्यातल्या मुलींसाठी तुम्ही सुचवलेली जोडी तर आमच्या डोक्यातही आली नव्हती. 'त्यांना बरं नाही' म्हणजे आजारी आहेत. 'हे बरं नव्हे' म्हणजे वागणं शोभत नाही. एका क्रियापदाचा फरक, पण पेशंटच्या नातेवाइकांसमोर उलटं बोललं गेलं की पंचाईत. 'काही बरंवाईट झालं तर' यात बरं काहीच नसतं. मरणाचं नाव न घेता केलेलं ते बोलणं आहे. 'कसं वाटतंय?' याला 'बरं आहे' असं उत्तर आलं तर सुधारणा आहे की जेमतेम, ते कळत नाही. लगेच विचारावं, 'कालच्यापेक्षा?' आणि गोळ्या समजावल्यावर नातेवाईक 'बरं' म्हणाले म्हणून समजल्या असं धरू नये. 'मग रात्रीची कोणती?' असं त्यांच्याकडूनच वदवून घ्यावं.

बाकीचे प्रकार विद्यार्थ्यांना वापरातूनच कळतील. 'बरेच दिवस' म्हणजे पुष्कळ दिवस. 'रिक्षापेक्षा चालत गेलेलं बरं' यात बरं म्हणजे अधिक चांगलं. 'बऱ्या बोलानं पैसे दे' ही सरळ धमकी, त्यातला 'बरा' निव्वळ शोभेचा. 'बरं झालं' मात्र जपून: 'बरं झालं आलात' हे स्वागत, आणि 'बरं झालं, अद्दल घडली' हे खवचट.

आगरी गिऱ्हाइकाचं 'बरा हाय' ऐकून आमच्या एकाने ते पुल्लिंगी समजून वहीत लिहून घेतलं होतं. आपण ज्याला 'बरं आहे' म्हणतो तेच ते, हे तुम्ही सांगितल्यावर त्याने खोडलं.

पुढच्या शनिवारी सहा नवीन जण येतील. गर्दीच्या वेळी नको, अकरानंतर जा, सुटे पैसे न्या आणि फुकट कोथिंबीर मागू नका, असं त्यांना बजावून ठेवलंय.

आपले,
बोलायचं मराठी शिकवणारे, नौपाडा, ठाणे