तुझं खोकं माझ्याकडेच आहे

नाशिक, गंगापूर रोड
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले, बघितला होता पण उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळीत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्यासारखं ते नव्हतंच. म्हटलं एकदा निवांत बसून लिहू, तू कराडला हॉस्टेलवर होतास तेव्हा लिहायचो तसं. तू विचारलंयस की 'माझं खोकं अजून तुझ्याकडेच आहे ना' आणि त्यातल्या जॅझच्या रेकॉर्ड्सचे आता किती येतील. आहे रे बाबा, कुठे जातंय. खोकं कधीच फाटलं, रेकॉर्ड्स माझ्या कपाटात आहेत, सगळ्या उभ्या ठेवल्यात, आडव्या रचल्या की वाकतात हे तूच शिकवलं होतंस मला.

पैशाचं सांगतो, पण आधी थोडं रडून घेऊ दे.

परवा बुधवारी बाजाराच्या दिवशी घाटावर गेलो होतो. आता तिकडे जाणं म्हणजे कुंभाच्या कामांतून वाट काढणं, धूळ नुसती. आपले चाचा बसतात अजून, त्याच कोपऱ्यात, तेच ताडपत्रीचं छप्पर, समोर कुलपं, पान्हे, पितळी नळ, एक बंद पडलेलं मिक्सर आणि मागे टेकवून ठेवलेल्या सात-आठ एलपी. वरच्या सहा आरत्या आणि सिनेमातल्या, खाली एक लुई आर्मस्ट्राँग, जॅझचा तो ट्रम्पेटवाला! आपल्या दमदमच्या कारखान्यातली, एचएमव्हीची, कव्हरला वाळवी लागलेली, तबकडीवर ओरखडे इतके की कुणीतरी तिच्यावर कांदा चिरला असावा. विचारलं कितीला. चाचांनी खिशातून मोबाईल काढला, कव्हरचा फोटो घेतला, स्क्रीन माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, 'साहेब, डिस्कॉग्जवर चाळीस डॉलर आहे, तुम्ही जुनं गिऱ्हाईक म्हणून अठराशे द्या.'

सुन्या, चाचांच्या तोंडून डिस्कॉग्ज, रेकॉर्ड्सचे भाव बघायची ती वेबसाइट!

मी समजावायला गेलो की चाचा, ही जी दाखवताय ती अमेरिकेत छापलेली आहे आणि चकाचक कंडिशनमधली आहे, आणि चाळीस डॉलर हा कुणीतरी मागितलेला भाव आहे, त्या भावाला ती विकली गेलीये असं नाही, ते वेगळ्या ठिकाणी लिहिलेलं असतं. ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि शांतपणे म्हणाले, 'मग तुम्हीच सांगा साहेब बरोबर भाव.' आता बोल. मी घेतली नाही. शंभर पावलं चालून परत वळलो, तर दुसरा एक पोरगा ती घेऊन उभा होता, पंचवीस-सव्वीसचा असेल, पाठीवर सॅक, ऑनलाइन पैसे देत होता, घासाघीस शून्य.

आठवतं का, आपण 2004 च्या आसपास जायचो तेव्हा हेच चाचा वीस रुपयाला एक द्यायचे, पाच घेतल्या की एक फुकट. लोक सीडी आणि एमपीथ्रीच्या नादात घरं रिकामी करत होते, रद्दीवाले वैतागले होते कारण रेकॉर्ड किलोवर घेतली तरी पुढे कुणी घेत नव्हतं. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात तर आपण अख्खा रविवार घालवायचो, तो बाजारही 2017 मध्ये हटवला गेला. संध्याकाळी हात काळेकुट्ट, नाकात धूळ, मग मिसळ, आणि तुझ्या घरी जाऊन एकेक तबकडी साबणाच्या पाण्याने पुसत बसायचं. दहातल्या आठ बेकार निघायच्या. त्या बेकार आठांचीच मजा जास्त होती असं आता वाटतं मला.

आता भाव का चढले ते तुला माहीतच असेल, पण तू या जगातून दहा वर्षं बाहेर आहेस म्हणून सांगतो. पुन्हा फॅशन आलीये. 2022 मध्ये अमेरिकेत सीडीपेक्षा एलपी जास्त नग विकल्या गेल्या, 1987 नंतर पहिल्यांदा. मागणी वाढली आणि छापणारे कारखाने मूठभर. त्यात 2020 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात एका कारखान्याला आग लागली, मूळ साचा कापायला जी लॅकरची तबकडी लागते ती बनवणारे जगात दोनच जण उरले होते, त्यातला एक जळून खाक. नव्या एलपी महाग झाल्या म्हणून लोक जुन्यांकडे वळले, आणि जुन्या जॅझचं तर विचारूच नको, त्या काळी छापल्याच थोड्या होत्या, आता वाढणार कुठून. ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या नव्याने काढलेल्या चांगल्या आवृत्त्या इथे हातात पडेपर्यंत चार-साडेचार हजार होतात एकेक, बाहेरून मागवली तर रेकॉर्डपेक्षा पोस्टेज आणि कस्टम जास्त. पगार तोच, ईएमआय तोच. बायको काही बोलत नाही पण पार्सल दाराशी आलं की ती फक्त बॉक्सचा आकार बघते, चौकोनी चपटा असला की चहा जरा जोरात आपटते टेबलावर.

पण खरं सांगू का, महागाईचं दुःख फार मोठं नाहीये. म्हणजे आहे, पण माझं जे काही बिनसलंय ते त्यापेक्षा दुसरंच काहीतरी आहे, आणि ते त्या बुधवारी चाचांच्या समोर उभं असताना लक्षात आलं.

देवळालीची आंटी आठवते तुला? लॅम रोडच्या आतला तो बंगला, कौलारू, समोर आंब्याचं झाड, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. आपल्याला कुणीतरी सांगितलं होतं की पारशी बाई सामान काढून टाकतायत. देवळाली म्हणजे आपल्यासाठी तेव्हा सोन्याची खाण होती, इंग्रजांची छावणी, मग आपलं तोफखान्याचं स्कूल, सॅनिटोरियम, मुंबईहून हवापालटाला येणारे पारशी, कुणाच्या तरी ट्रंकेत काहीतरी असणारच. आंटीने एक पत्र्याची पेटी उघडली. वर 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या, आर्मस्ट्राँगच्या पार्लोफोन कंपनीवरच्या, एक गोव्याच्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटची, आणि खाली एलपी. त्यात पिआनोवाल्या हॉरेस सिल्व्हरची ती 1965 ची ब्लू नोट. मी तबकडी बाहेर काढून खिडकीपाशी तिरकी धरली, लेबलच्या कडेच्या गुळगुळीत भागात ध्वनिमुद्रण करणाऱ्या व्हॅन गेल्डरचा शिक्का दिसला आणि शेजारी तो छोटासा 'कान', कारखान्याची खूण. म्हणजे अस्सल, पहिल्या काळातली. माझे हात थरथरायला लागले. तू माझ्या पायावर पाय दिलास, आठवतंय? चेहरा सरळ ठेव म्हणून. आंटी म्हणाली, 'डिकरा, जे देशील ते दे.' आणि आपण अख्ख्या पेटीचे तीनशे रुपये दिले. तीनशे. ती खूश झाली, आपल्याला रास्पबेरी सोडा पाजला. गेटच्या बाहेर पडल्या पडल्या तू म्हणालास, 'गाडी काढ लवकर, तिचा विचार बदलायच्या आत.'

वीस वर्षं हा किस्सा मी लोकांना हसत हसत सांगत आलोय. चाचांनी मोबाईल दाखवला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे, आपल्याला ज्या गोष्टीची मजा यायची ती हीच होती, की आपल्याला माहीत आहे आणि समोरच्याला माहीत नाही. आता त्यालाही माहीत आहे तर मला राग येतोय. कशाचा राग? चाचांनी आयुष्यभर आपल्याला वीस रुपयात दिलं त्याचा मला कधी राग आला नाही! मध्ये एकदा देवळालीला गेलो होतो, म्हटलं आंटी असेल तर भेटून येऊ. बंगला नाही, आंबा नाही, चार मजली फ्लॅट उभे आहेत.

माझे मामा निफाडचे, तुला माहीतच आहेत. लासलगावात कांदा कवडीमोलाने घालून येतात आणि दोन महिन्यांनी तोच कांदा कॉलेज रोडवर पाचपट भावाने मी विकत घेतो, मग फोनवर आम्ही दोघं मिळून व्यापाऱ्याला शिव्या देतो. जॅझमध्ये तर त्याहून भयंकर. सॅक्सोफोनवाल्या हँक मोबलीची ती 1568 नंबरची ब्लू नोट, जिच्या एका बाजूच्या लेबलवर पत्ता वेगळा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा, कारण म्हणे लेबलं संपली होती छापताना, तिच्यासाठी लोक हजारो डॉलर मोजतात, लेबलवरच्या एका आकड्यासाठी. आणि मोबली स्वतः 1986 मध्ये गेला तो हालाखीत, शेवटी शेवटी राहायला घर नव्हतं म्हणतात. तो सॅक्सोफोन किती मऊ वाजवायचा याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे लेबल मोजतात. मीही मोजायचो. भिंग तुझंच होतं.

बरं, आता मुद्दा. ती हॉरेस सिल्व्हरची रेकॉर्ड माझ्या वाटणीला आली होती, बदल्यात तू आर्मस्ट्राँगच्या सगळ्या घेतल्यास. कोविडच्या काळात मी एकदा तिचा भाव बघितला. बघायला नको होता. त्यानंतर मी ती वाजवलीच नाही. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आणि तेच गाणं मोबाईलवर ऐकायला लागलो. चार वर्षं! महिन्यातून एकदा काढायचो, पिशवीतूनच बघायचो, परत ठेवायचो, बँकेच्या लॉकरमधली नथ बघावी तशी.

गेल्या श्रावणात मी कामासाठी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो होतो, घरी आई आणि धाकटी. धाकटीला शाळेत कसलासा प्रोजेक्ट होता, आजोबांच्या काळातल्या वस्तू वगैरे, तिने स्टूल घेऊन वरच्या खणातनं नेमकी तीच काढली. का, तर कव्हरवर आजोबांसारखे दिसणारे कोणीतरी होते म्हणून. आठवतंय ना कव्हर, हॅट घातलेले, सिगार घेतलेले गृहस्थ, सिल्व्हरचे स्वतःचे वडील, केप व्हर्डेचे. पोरीने लावली, सुई ठेवताना हात घसरला आणि पहिल्या बाजूच्या सुरुवातीलाच कर्रर्र. मी रात्री आलो तर घरात सन्नाटा, सगळे जेवून झोपल्याचं नाटक करतायत. टेबलावर रेकॉर्ड आणि चिठ्ठी, 'बाबा सॉरी, थोडीच खराब झाली, गाणं अजून वाजतं.'

मी चिडलो नाही असं म्हणणार नाही, अर्धा तास बाल्कनीत उभा राहिलो. भाव निम्म्याच्याही खाली गेला असेल. मग आत येऊन लावली, म्हटलं बघू तरी नुकसान किती. सुरुवातीला टक्, टक्, टक्, साधारण वीस सेकंद, पिआनोच्या त्या डुलणाऱ्या तालावरच पडते ती टक्, मध्येच कुणीतरी चुटकी वाजवल्यासारखी. आणि मग साफ. चार वर्षांनी ऐकत होतो सुन्या. मोबाईलवर ऐकताना तो बास असा पायातनं वर येत नाही रे. आई उठून बाहेर आली, कव्हर हातात घेऊन दिव्याखाली धरलं आणि म्हणाली, 'कुणाचे वडील आहेत हे?' म्हटलं वाजवणाऱ्याचे. 'मग बरोबर आहे,' म्हणाली आणि सोफ्यावर बसली, पाय वर घेऊन, संपेपर्यंत. तिला जॅझ म्हणजे काय ठाऊक नाही, सी. रामचंद्र ठाऊक आहेत. मी तिला सांगितलं की चितळकर अण्णांच्या त्या अलबेलातल्या गाण्यांमागे गोव्याचा चिक चॉकलेट होता, हीच जातकुळी. तर म्हणे, 'ते मला कशाला सांगतोस, कळतंय की.'

तेव्हापासून रोज वाजते ती, आता तिला कोण घेणार.

तर तुझ्या खोक्याचा हिशोब. मी बसून सगळ्या बघितल्या, बल्बखाली धरून, उगाच चढवून सांगत नाही. जपानी छापाच्या तीन आहेत, त्या बाजूच्या कागदी पट्टीसकट, त्यांचे चांगले येतील, पुण्या-मुंबईत लगेच जातील. ब्रुबेक आणि एलिंग्टनच्या बऱ्या आहेत पण तबकडीपेक्षा कव्हर बरं, फार आशा ठेवू नकोस. तुझ्या बाबांनी 1963 साली एलिंग्टनला मुंबईत ऐकलं होतं म्हणायचे ना, त्या एलपीच्या मागे त्यांच्या अक्षरात तारीख लिहिलीये, रेकॉर्डची कंडिशन ठरवणारे ग्रेडिंगवाले त्याला 'पेनाची खूण' म्हणून पैसे कापतात. आर्मस्ट्राँगच्या 78 पैकी दोन तडकल्यात, लाखेच्या त्या, कपबशीसारख्या जातात, माझी चूक, शिफ्टिंगमध्ये झालं, तुला सांगितलं नव्हतं. आणि चिक चॉकलेटची मी विकणार नाही. तुझी असली तरी. गेल्या पाच-सहा वर्षांत दुसरी बघितली नाही बाजारात, विकायची असेल तर तू स्वतः येऊन ने आणि माझ्यासमोर वीक.

नाहीतरी दिवाळीला यायचं म्हणतोयसच. ये. बुधवार धरून ये, चाचांना भेटू, त्यांना द्यायला म्हणून मी एक यादी करतोय, कुठल्या छापाला खरंच भाव येतो त्याची, फुकटात ठकवतात रे त्यांना मुंबईवाले. आणि बेंगळुरूहून येताना माझ्या टर्नटेबलची सुई आण, मॉडेल नंबरचा फोटो वेगळा पाठवतो, इथे दुप्पट सांगतायत. त्या ओरखड्यावरनं रोज जाऊन जाऊन जुनी पार झिजलीये.

तुझा,
बंड्या

ता. क. धाकटीला प्रोजेक्टमध्ये 'अ' मिळाला. रेकॉर्ड शाळेत नेली होती, मला विचारून.