मत दिलं एकाला, गेलं कुठं?

संपादक साहेब, आम्ही मराठवाड्यातले साधे मतदार. 2019 ला ज्या युतीला मत दिलं ती निकालानंतर महिनाभरातच तुटली, मग तो पहाटेचा शपथविधी, मग तिघांचं सरकार, 2022 ला सुरत-गुवाहाटी, 2023 च्या जुलैत अजितदादा तिकडं, आता सांगा एकाच मतावर पाच वर्षांत आम्ही नेमकं कुणाकुणाला निवडून दिलं? साधा मोबाईल रिचार्ज बदलला तरी मेसेज येतो, इथं सरकार बदललं ते टीव्हीवर कळलं.

मग लोकसभेला 2024 मध्ये मराठवाड्यातल्या 8 पैकी 7 जागा आघाडीला गेल्या तर टीव्हीवाले म्हणाले मराठवाडा फिरला, पाच-सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीची लाट आली तर परत म्हणाले मराठवाडा फिरला. अहो आम्ही काय भिंगरी आहोत का? 2024 ला सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल जाहीर झाला, बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं, आरक्षणाचं तसंच लोंबकळत. लाडक्या बहिणीचे 1500 घरात आले हेही खरं, नाही कशाला म्हणू.

गावात तर या पक्षांपायी भाऊभाऊ बोलत नाहीत, आणि वरचे नेते मात्र एकमेकांच्या लग्नात पहिल्या रांगेत. झेडपीची निवडणूक 2017 नंतर इतकी वर्षं रखडली तेव्हा रस्त्याची तक्रार घेऊन जायला हक्काचा मेंबरसुद्धा नव्हता, त्यावर एकाही चॅनलने डिबेट ठेवल्याचं मला तरी दिसलं नाही.

- एक मतदार, परभणी जिल्हा