सेप्टिमाबाईंचा वर्ग

चार्ल्सटन, साउथ कॅरोलायना

प्रिय ताई,

सा. न. परवा फोनवर तू म्हणालीस, शिक्षकाने चळवळीत पडू नये, वर्ग नीट घ्यावा. तेव्हापासून सेप्टिमा क्लार्क मनातून जात नाहीत. त्या इथल्याच. वडील गुलामीत जन्मलेले. १९१६ साली त्या शिक्षिका झाल्या, पण शहरातल्या सरकारी शाळा काळ्या शिक्षकांना घेत नसत. म्हणून जवळच्या जॉन्स आयलंडवर गेल्या. तिथे दोघी शिक्षिकांत मिळून १३२ मुलं, आणि सेप्टिमाबाई मुख्याध्यापिका असूनही पगार महिना ३५ डॉलर. समोरच्या गोऱ्यांच्या शाळेत तीन मुलं, तिथल्या बाईंना ८५.

पुढे १९५६मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेचं सभासद असू नये. बाईंनी सभासदत्व सोडलं नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेली.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या वर्गाबद्दल. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर साउथ कॅरोलायना राज्याच्या घटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. निरक्षर माणूस तिथेच अडायचा. बेटावरचे ईसॉ जेन्किन्स कामगारांना बसने शहरात नेत आणि वाटेत प्रवाशांना घटना शिकवत. त्यांनी शाळेसाठी आग्रह धरला, आणि जानेवारी १९५७मध्ये सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग भरला. पुढे किराणा ठेवलेला, म्हणजे गोऱ्यांना संशय नको.

शिकवायला बाईंनी कुणाला निवडलं? बर्नीस रॉबिन्सनला, आपल्याच नात्यातल्या, केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बाईला. शिकवण्याचा अनुभव शून्य! मला यातच त्यांची खरी हुशारी दिसते. शिकलेला मास्तर या लोकांना कमी लेखेल अशी त्यांना धास्ती होती. बर्नीसने पहिलीची पुस्तकं आणली होती, ती बाजूला ठेवली आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला दूरच्या मुलाचं पत्र. मग मनीऑर्डरचे फॉर्म हेच पाठ्यपुस्तक झालं, आणि निवडणुकीचा कायदाही.

असे वर्ग दक्षिणेत पसरत गेले. १९६१मध्ये ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेले, बाईही तिकडे गेल्या आणि गावोगावचे शिक्षक तयार करू लागल्या. किंग यांना त्या सांगत, सगळीकडे तुम्हीच पुढे असू नका, इतरांना पुढे होऊ द्या. त्या संघटनेतले पुरुष बायकांचं फारसं ऐकत नसत, याचा राग त्यांनी नंतर उघड बोलून दाखवला. मला तो अगदी रास्त वाटतो.

१९७५ साली त्या चार्ल्सटनच्या शाळा मंडळावर निवडून आल्या. पेन्शन सुरू झाली ती १९७६मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी.

म्हणून ताई, तुझं म्हणणं मला पटलं नाही. त्यांनी वर्ग नीट घेतला, आणि तीच चळवळ होती. रागावू नकोस, सविस्तर उत्तर लिही. आईबाबांना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुझी,
मीनू