दगडी प्रवाळ निवडायला शिकवणाऱ्या बाईंना, नाशिकहून

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गंगापूर रोडवर आपले घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि आभार समोर बसूनही मानता आले असते. तरीही हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण घरातल्या छोट्या सागरी टाकीसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी, दगडी प्रवाळ (चुनखडीचा कठीण सांगाडा बांधणारे समुद्री जीव) निवडताना जी चूक माझ्या हातून होता होता राहिली, तीच करण्याच्या बेतात आणखी काही मराठी वाचक असतील आणि त्यांच्या शेजारी आपल्यासारख्या बाई राहत असतीलच असे नाही.

आपल्याला तो दिवस आठवत असेल. शहरातील एका दुकानात पाण्याने भरलेल्या पिशवीत मला हिरवट-तपकिरी रंगाचा एक जिवंत प्रवाळ दाखवण्यात आला होता. तो कुठून आला, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दिवाणखान्यातील टाकीत तो कसा दिसेल, एवढेच माझ्या मनात होते. पैसे देण्याआधी सहज म्हणून आपल्याला फोन केला. आपण माझ्यावर रागावला नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून शांतपणे समजावलेत की, भित्तिका (समुद्रातले प्रवाळांचे खडक) बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ सालापासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. आपल्या समुद्रातून ते काढता येत नाहीत, विकता येत नाहीत आणि मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडाही याला अपवाद नाही. ‘बघायचेच असतील तर कच्छच्या आखातात नराऱ्याला ओहोटीच्या वेळी जा, घोटाभर पाण्यात उभे राहून दिसतील; नाहीतर आपले मालवण आहेच,’ असे आपण म्हणालात. त्या दिवशी नाशिकच्या घरात दगडी प्रवाळ ठेवण्याचा विचार मी सोडला, आणि तो सोडल्याचे मला आजवर एकदाही वाईट वाटलेले नाही.

पुढे लेकीकडे ब्रिस्बेनला सहा महिन्यांसाठी गेले तेव्हा तिथे नव्वद लिटरची टाकी तयार होत होती. आपण अकरावी-बारावीला शिकवलेली ती मुलगी आजही जीवशास्त्राचे काही अडले की ‘बाईंना विचार ना’ असे म्हणते, आणि आपल्या मुलाच्या सिडनीच्या घरी आपण अशीच टाकी काही वर्षे सांभाळली आहे हेही तिला ठाऊक होते. तिथे परवानाधारक दुकानांतून आणि छांदिष्टांनी घरी वाढवलेल्या तुकड्यांतून प्रवाळ रीतसर मिळतात. तिने हौसेने यादी केली होती: निळ्या टोकांचा अ‍ॅक्रोपोरा, फुलांच्या गुच्छासारखा गोनिओपोरा, चांदणीसारखा गॅलॅक्सिया आणि हॅमर. आपण यादी पाहिलीत आणि पहिला प्रश्न विचारलात तो टाकीच्या वयाचा. टाकी पाच आठवड्यांची होती. नव्या टाकीत साचणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले होते, म्हणून आम्हाला ती तयार वाटत होती. आपले म्हणणे वेगळे होते. शून्य आकडा एवढेच सांगतो की जिवाणूंनी आपले काम सुरू केले आहे. ज्या पाण्यात दगडी प्रवाळ टिकतो ते पाणी महिनोन्‌महिने एकसारखे राहिलेले असावे लागते, आणि दगडांवर गुलाबी-जांभळा चुनखडी शेवाळाचा थर आपोआप चढू लागला की तशी खूण मिळते. आम्ही आणखी अडीच महिने थांबलो. त्या काळात टाकीत दोन क्लाउन मासे, काही गोगलगायी आणि रिकामे दगड एवढेच होते. नातवाला ते फार जड गेले.

यादीतली नावे आपण खोडलीत ती कारणांसकट. अ‍ॅक्रोपोरा हा लहान पॉलिपचा (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक तोंडवाला जीव), झपाट्याने सांगाडा बांधणारा प्रवाळ; त्याला प्रखर उजेड आणि जोरकस प्रवाह लागतो, आणि पाण्याची अल्कलिनिटी (त्यातल्या कार्बोनेटचे माप) थोडी वरखाली झाली तरी बुडापासून त्याचे मांस सुटू लागते व दोन-चार दिवसांत पांढरी काडी उरते. गोनिओपोरा दिसायला साधा आणि दुकानात तजेलदार असतो, पण पूर्वीपासून टाक्यांमध्ये तो काही महिन्यांत हळूहळू खंगत आलेला आहे. आता टाकीत वाढवलेले तुकडे बरे जगतात, तरी पहिला प्रवाळ म्हणून तो घेऊ नये. गॅलॅक्सिया काटक असतो, मात्र रात्री तो वीतभर लांब दंशधागे सोडून शेजाऱ्यांना भाजून काढतो, आणि साठ सेंटिमीटरच्या टाकीत त्याच्यापासून दूर राहायला कुणाला जागाच नसते. हे तिसरे कारण आमच्या डोक्यातही आले नसते. प्रवाळ एका जागी बसलेला असतो, म्हणून तो निरुपद्रवी असेल असेच आम्ही धरून चाललो होतो.

मग आपण जे सुचवलेत ते सगळे मोठ्या, मांसल पॉलिपचे होते. पहिला कॉलास्ट्रिया, ज्याला तिथे कँडी केन म्हणतात. दुसरा डंकन, म्हणजे डंकनॉप्सॅमिया अ‍ॅक्सिफ्यूगा, जो ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या समुद्रात वाळूच्या तळाजवळ वाढतो. आणि काही महिन्यांनी तिसरा मायक्रोमुसा, ज्याला छांदिष्ट अजूनही अ‍ॅकन म्हणतात. या तिघांना मध्यम उजेड पुरतो. लेकीने उजेडाचा मापक भाड्याने आणून पाहिले तेव्हा त्यांच्या जागी पार, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचे माप, ७० ते १०० भरला, आणि आपण तो पुरेसा असल्याचे सांगितलेत. प्रवाह इतकाच हवा की पॉलिप डुलावेत, पण त्यांचे मांस एका बाजूला दाबले जाऊन सांगाड्याची धार वर येऊ नये. ही धार कशी दिसते, ते आपण पांढऱ्या बशीच्या कडेवर ओला रुमाल ताणून दाखवले होतेत. त्यानंतर दुकानात प्रत्येक तुकड्याची कडा मी आधी तपासली आणि दोन सुंदर तुकडे तिथेच सोडून आले.

पाण्याविषयी आपण जे शिकवलेत, ते दिंडोरीच्या द्राक्षबागेत वाढलेल्या व्यक्तीलाच सुचावे असे होते. देठ-परीक्षण केल्याशिवाय बागेला खत टाकू नये, तसे पाणी तपासल्याशिवाय टाकीत कॅल्शियम ओतू नये, असे आपण म्हणालात. प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन अरॅगोनाइटचा सांगाडा बांधतो, म्हणून दोन्ही आकडे महत्त्वाचे. पण तीन छोट्या तुकड्यांची भूक ती किती? दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की नव्या मिठातून त्यांना लागणारे बहुतेक सगळे मिळते. आमच्या वहीत अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचे एकक), कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, तापमान २५ ते २६ अंश असे आकडे महिनोन्‌महिने दिसतात. ‘साडेआठ चांगला की नऊ, यावर वाद घालू नका, आज साडेआठ असेल तर पुढच्या रविवारीही साडेआठ असू द्या,’ हे आपले वाक्य लेकीने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहे.

आणि तरीही माझ्या हातून चूक झालीच. लेक-जावई आठवडाभर बाहेरगावी गेले होते आणि टाकी माझ्यावर सोपवली होती. रोज दीडेक लिटर पाणी उडून जात होते आणि मी ते तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने भरत होते. पाचव्या दिवशी डंकनचे सगळे पॉलिप मिटून बटणाएवढे झाले. मी घाबरून, नाशिकला पहाट असताना, आपल्याला फोन केला. आपण उजेड, मासे, औषध यांतले काहीच विचारले नाहीत. उडालेल्या पाण्याच्या जागी काय ओतले, एवढेच विचारलेत. मी सांगितले, आणि आपण म्हणालात, ‘आमटी आटली तर आपण मीठ घालतो का?’ मोजले तेव्हा पाण्याचा खारेपणा सांगणारे विशिष्ट गुरुत्व १.०२५ वरून १.०२८ वर गेले होते. पाणी उडते तेव्हा मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या, आर.ओ.च्या शुद्ध पाण्याची. आपण ते एकदम उतरवू दिले नाहीत. थोडे खारे पाणी काढून तेवढेच गोडे घालायचे, असे तीन दिवस करायला लावलेत. चौथ्या दिवशी सकाळी डंकनचा एक पॉलिप उघडला, दुपारपर्यंत चार. त्या तीन दिवसांत आपण रोज स्वतःहून फोन केलात. आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तेव्हा पंधरा दिवसही झाले नव्हते, हे मला नाशिकला परतल्यावर कळले.

कँडी केनविषयी मात्र सविस्तर सांगायलाच हवे, कारण ते आपण फक्त छायाचित्रात पाहिले आहे. आणला तेव्हा त्याला पाच डोकी होती, प्रत्येक आपापल्या फांदीवर, तपकिरी कडेची आणि मधोमध हिरवी. रात्री दिवा बंद झाल्यावर तासाभराने कडेभोवती काचेसारखे बारीक धागे उठतात. त्यांच्यावर कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा ठेवला की धागे आत वळतात आणि मधले तोंड सावकाश उघडते. गिळून होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जातात. तिसऱ्या महिन्यात एका डोक्याचे गोल तोंड लांबट झाले. मला ते आजारी वाटले. आपण बॅटरीचा उजेड तिरपा टाकून बघायला सांगितलेत, तेव्हा त्या लांबट फटीच्या मधोमध एक बारीक घडी दिसली, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे दोन तोंडे, मग दोन डोकी झाली. आता ती नऊ आहेत. प्रत्येक डोके स्वतंत्र फांदीवर असल्यामुळे एखादे मेले तरी बाकीची सहसा तगतात, आणि फांदी कापून दुसऱ्याला देता येते. बागेतली काडी लावण्यासारखेच, फक्त इथे द्राक्षाच्या कलमासारखा डॉगरिजचा खुंट लागत नाही, असे आपण म्हणाला होतात. लेकीने दोन डोक्यांची एक फांदी शेजारच्या मुलीला दिली आणि सोबत आपल्या सूचना इंग्रजीत लिहून दिल्या.

परत येताना माझ्या मनात एक मोह होता, तोही इथे सांगते. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा पांढरा, हाडासारखा तुकडा नातवाने मला आठवण म्हणून दिला होता. तो पिशवीत ठेवण्याआधी आपल्याला विचारले. मृत दगडी प्रवाळही वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्‌स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि परवान्याशिवाय सीमा ओलांडून नेता येत नाही, हे आपण सांगितलेत. शिवाय तो जिथे पडला होता तिथे खेकड्यांना आणि शेवाळाला त्याचा उपयोग आहे, हेही सांगितलेत. नातू आणि मी तो दुसऱ्या दिवशी जिथून उचलला तिथेच ठेवून आलो. येताना मी फक्त वहीच्या पानांची छायाचित्रे घेऊन आले.

बाई, आपण माझा वेळ, लेकीचे पैसे आणि काही जीव वाचवलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आता एक काम शिल्लक आहे. लेकीला यादीतला चौथा, म्हणजे हॅमर आणायचा आहे. टाकीला वर्ष पूर्ण झाले आहे. उजव्या कोपऱ्यात वाळूजवळ, अ‍ॅकनपासून पंधरा सेंटिमीटर सोडून, मंद प्रवाहाची जागा तिने मोकळी ठेवली आहे. मागच्या तीन महिन्यांचे आकडे घेऊन मी रविवारी सकाळी आपल्याकडे येते. आपण वही पाहून ‘हो’ म्हणालात तरच तो टाकीत जाईल.

आपली कृतज्ञ,
गंगापूर रोड, नाशिक येथील आपली शेजारीण