वनस्नान म्हणजे जंगलातली सहल नव्हे

मा. संपादक,

शहराजवळच्या जंगलांत ‘वनस्नाना’च्या नावाखाली चाळीस-पन्नास माणसांना पाच-सहा किलोमीटर चालवले जाते. ही पदभ्रमंती झाली, वनस्नान नव्हे. वनस्नान म्हणजे जंगलात संथपणे, डोळे-कान-स्पर्श जागे ठेवून वेळ घालवणे. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये ‘शिनरिन-योकू’ (म्हणजेच वनस्नान) सुरू केले, ते नागानो प्रांतातल्या आकासावाच्या हिनोकी वृक्षांच्या जंगलात. तिथे अंतर कापणे हा हेतूच नव्हता.

गट आठ-दहा जणांचाच हवा. दोन ते अडीच तासांत जेमतेम एक किलोमीटर चालावे. मोबाइल बंद. सुरुवातीची दहा मिनिटे एका जागी उभे राहून दूरचे आणि जवळचे आवाज ऐकावेत. मग संथ चाल, साल-माती-पाने हाताळणे आणि शेवटी प्रत्येकाने वेगळ्या जागी वीस मिनिटे बसणे. हे बसणे सर्वांत महत्त्वाचे, आणि वेळ कमी पडला की नेमके तेच गाळले जाते. दुसरा घोळ मार्गदर्शकाचा: तो पक्ष्यांची नावे सांगत सुटतो, मग लोक पाहायचे सोडून माहिती गोळा करू लागतात.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात बसू नये. तिथल्या चिगर माइट्स या अगदी बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस हा तापाचा आजार होऊ शकतो. पूर्ण बाह्या, मोजे आणि बसायला जाड चटई घ्यावी. बिबट्याचा वावर असलेल्या जंगलात पहाटेचा अंधार आणि संध्याकाळ टाळावी, एकेकट्याला नजरेआड बसवू नये.

रक्तदाबाच्या वा नैराश्याच्या गोळ्या वनस्नान करतो म्हणून बंद करू नयेत, हे आयोजकांनी नोंदणीच्या वेळीच सांगावे.

— निसर्गवाटांवरील काही मार्गदर्शक