मराठी याद्यांसाठी टर्मिनल शिकवा

संपादक महोदय,

शब्दसूची, मतदारयादी, ग्रंथालयाची नोंदसूची अशा मोठ्या फाइली हाताशी आल्या की बहुतेक जण एक्सेल उघडतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपलीकडे जागा नाही. पुढच्या ओळी शीटमध्ये येतच नाहीत आणि फाइल तशीच सेव्ह केली की त्या गेल्याच. लिनक्स व मॅकच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून काम करण्याच्या खिडकीत, अशा कामाची बहुतेक साधने आधीपासून असतात. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) बसवावे लागते. (कमांड रोमन लिपीतच टाइप करायच्या, इथे उच्चार दिले आहेत. ‘मायनस’ म्हणजे आडवी छोटी रेघ, ‘युनिक’ म्हणजे uniq.)

फाइल नुसती पाहायची तर ‘लेस’ वापरावी. ती अख्खी फाइल वाचत बसत नाही, म्हणून दोन जीबीची फाइलही चटकन उघडते. तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला की शोध सुरू होतो, ‘क्यू’ दाबला की बाहेर. चुकून मजकूर बदलण्याची भीती नाही.

कोणता शब्द किती वेळा आला, हे काढायला एका ओळीत एक शब्द असलेली यादी घ्यावी आणि ‘सॉर्ट यादी | युनिक मायनस सी | सॉर्ट मायनस एनआर’ द्यावे. सॉर्ट ओळी क्रमाने लावते, युनिक सारख्या ओळी मोजते आणि उभी रेघ एका कमांडचे उत्तर पुढच्या कमांडला देते. पहिला सॉर्ट गाळला तर हिशेब चुकतो, कारण युनिक फक्त लागोपाठच्या ओळी ताडून पाहते. ‘सॉर्ट यादी > यादी’ मात्र कधीही देऊ नये. शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधी फाइल रिकामी करते, मग सॉर्ट वाचायला जाते. हाती काहीच उरत नाही. त्यासाठी ‘सॉर्ट मायनस ओ यादी यादी’ आहे.

खरी मेख मराठीची आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण फाइलीत शब्द शोधणाऱ्या ‘ग्रेप’ला ते वेगळे शब्द आहेत. एक रूप शोधले की दुसरे निसटते आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. शंका आल्यास तो शब्द ‘एक्सएक्सडी’तून पाहावा (ती मजकुराचे बाइट आकड्यांत दाखवते), ई२ ८० ८डी दिसले तर ते झेडडब्ल्यूजे. मग फाइलीच्या प्रतीवर ‘सेड’ ही शोधून बदलणारी कमांड चालवून सगळीकडे एकच रूप करावे आणि त्यानंतरच मोजणी.

यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्यामुळे ‘मराठी’ला बाइट मोजणारी ‘डब्ल्यूसी मायनस सी’ १५ म्हणते, चिन्हे मोजणारी ‘मायनस एम’ ५ म्हणते (मात्रा वेगळ्या धरून), आणि ओळ संपल्याची खूण असेल तर दोन्हींत एकाची भर पडते. अनेक लिनक्सवर ओळीचा तुकडा काढणारी ‘कट मायनस सी’ अक्षरे न मोजता बाइट मोजते आणि अक्षर मधोमध तोडते. विंडोजमधून आलेल्या फाइलीला आधी ‘डॉस टू युनिक्स’ (dos2unix) लावावे, ती ओळीच्या शेवटची विंडोजची जादा अदृश्य खूण काढते; नाहीतर ओळीच्या टोकाला डॉलर देऊन केलेला शोध फसतो. फाइल यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत असेल तर ग्रेपला मराठी शब्द सापडणारच नाही. ‘आयकॉन्व्ह’ने ती यूटीएफ-८ करून घ्यावी.

विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांनी या साधनांसाठी चार तास जरूर ठेवावेत. सरावाला मात्र मराठी यादीच द्यावी, कारण इंग्रजी फाइलीत झेडडब्ल्यूजेची आणि तुटक्या अक्षरांची अडचण कधी समोर येतच नाही.

– एक वाचक, पुणे